हातातला खेळ आणि खिशातला पैसा

कडोदऱ्याहून एका तरुण वाचकाचे पत्र आम्हांस आले आहे. सुरतेच्या पूर्वेस, जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्गास सुरत-धुळे रस्ता छेदतो, तेथे हे चार रस्त्यांचे गाव आहे. त्याच्या आसमंतात कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत आणि त्या गिरण्यांतून आपल्या खानदेशातील पुष्कळ मंडळी राबत आहेत. पत्रलेखक त्यांपैकीच एक. बारा तासांची पाळी, चौघांत मिळून एक खोली, खानावळीचा डबा आणि महिन्याकाठी बावीस हजार रुपये पगार, असा आपला जमाखर्च त्याने मोकळेपणाने मांडला आहे. त्यातील नऊ हजार तो नवापूर तालुक्यातील आपल्या घरी पाठवितो. खोली, डबा व जाणे-येणे ह्यांत सात हजार जातात. राहिलेल्या सहा हजारांच्या बळावर हातात धरून खेळावयाचा व्हिडिओ गेम घ्यावा, असे त्याच्या मनात फार दिवसांपासून आहे. बाजारात निन्टेंडोचा स्विच आहे, वाल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आहे, ॲसूसचा आरओजी ॲलाय आहे. ह्यांतील कोणता घ्यावा, आणि मुळात ह्यांपैकी एखादा तरी आपल्या किमतीस उतरतो काय, असा त्याचा प्रश्न आहे. खोलीतले सोबती हसतात म्हणून आपणांस लिहितो, असेही त्याने शेवटी कळविले आहे.

आम्ही हसणार नाही. करमणूक ही श्रीमंतांचीच मिरास आहे आणि गरिबाने रिकाम्या वेळी छताकडे पाहत पडून राहावे, असा काही निसर्गाचा नियम नाही. ज्या समाजात वरातीपुढील डीजेसाठी कर्ज काढणे हा रीतसर व्यवहार समजला जातो, त्या समाजाने बारा तास रंगाच्या वाफेत उभ्या राहिलेल्या तरुणाच्या तासा-दोन तासांच्या खेळावर नाक मुरडावे, हे काही बरे नव्हे. शिवाय त्याची निवड विचारपूर्वक केलेली आहे. चौघांच्या खोलीत दूरदर्शन संचाला जागा नाही. असली तरी एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची झोप लागलेली असते. अशा ठिकाणी हातात मावणारे आणि कानाला यंत्र लावून निःशब्द खेळता येणारे साधन हेच सोयीचे. तेव्हा वस्तू योग्य आहे. वाद आहे तो किमतीचा.

प्रथम सर्वांत दिमाखदार यंत्राचा हिशेब करू. आरओजी ॲलाय हा २०२३ साली भारतात आला तो ६९,९९० रुपये किमतीस. म्हणजे आमच्या ह्या वाचकाचा तीन महिन्यांचा संपूर्ण पगार आणि वर जवळजवळ चार हजार. एवढी रक्कम एकदम कोण मोजतो? दुकानदार बिनव्याजी म्हणविणारे हप्ते पुढे करतो. बारा हप्ते केले तर एकेक हप्ता ५,८३३ रुपयांचा पडतो. हाती सहा हजार उरतात, त्यांतून हा हप्ता गेला की महिन्याकाठी शिल्लक राहिली १६७ रुपये! त्यात दाढीचे सामानही येत नाही, मग नवे खेळ विकत घेण्याची गोष्टच सोडा. आणि सुरतेकडील गिरण्यांची रीत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. दिवाळीत यंत्रे थंडावतात, माणसे गावी जातात, ज्यांची मिळकत रोजावर वा नगावर असते त्यांची ती तितके दिवस थांबते. हप्ता मात्र दिवाळी पाळत नाही. त्या महिन्यात काय होईल? घरी जाणाऱ्या नऊ हजारांनाच कात्री लागेल. यंत्राची खरी किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते ती अशी.

परंतु महाग ते निदान उत्तम तरी असते ना, असे कोणी विचारील. ह्या खेळयंत्रांचा पंचेचाळीस वर्षांचा इतिहास ह्याची साक्ष देत नाही, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

जपानातील निन्टेंडो कंपनीत गुन्पेई योकोई नावाचे एक अभियंते होते. आगगाडीतून जाताना एक नोकरदार गृहस्थ वेळ जाईना म्हणून गणकयंत्राच्या कळा उगाच दाबीत बसला आहे, हे त्यांनी पाहिले, आणि त्यातून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. १९८० साली गेम अँड वॉच हा त्यांचा खेळ निघाला आणि त्या मालिकेचे चार कोटींहून अधिक नग खपले. योकोई ह्यांचा सिद्धांत मोठा मार्मिक होता. जे तंत्र जुने झाले, स्वस्त झाले, ज्याचे सर्व गुणदोष कळून चुकले, तेच घ्यावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग करावा. ह्याच सिद्धांतावर १९८९ साली गेम बॉय निघाला. त्याचा पडदा हिरवट, रंगहीन, मागे दिवाही नसलेला. किंमत अमेरिकेत सुमारे ९० डॉलर. त्याच वर्षी अटारी कंपनीने लिंक्स नावाचे रंगीत पडद्याचे यंत्र आणले, ते सुमारे १८० डॉलरांना. पुढल्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत, अमेरिकेत सुमारे १५० डॉलरांचा. कागदावर पाहिले तर गेम बॉयचा टिकाव लागण्याचे कारणच नव्हते.

झाले ते उलटे. रंगीत पडदा आणि त्यामागचा दिवा वीज खातो. गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल पुरत आणि ते पंधरा तासांच्या आसपास चालत. ज्या घरातील पोरांना दर रविवारी नवे सेल मागावे लागले, त्या घरातील बापांनी निकाल दिला. शिवाय मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव ह्यांनी १९८४ साली रचलेला टेट्रिस हा खेळ अमेरिकेत गेम बॉयबरोबरच मिळे. त्या खेळाला रंगांची गरजच नव्हती. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. आखाती युद्धात जळून वितळलेला एक गेम बॉय तरीही चालत राहिला आणि न्यूयॉर्कच्या निन्टेंडोच्या दुकानात कित्येक वर्षे काचेत ठेवलेला होता. आपल्याकडे हे अस्सल यंत्र फारसे आले नाही. परंतु १९९० नंतर जत्रांतून आणि बसस्थानकाजवळच्या दुकानांतून विटांचा खेळ म्हणून जे चिनी खेळणे मिळे, ते ह्या टेट्रिसचेच गरीब भावंड होते. पत्रलेखकाच्या वडील पिढीने ते हाताळले असेल.

हाच प्रकार पुन्हा घडला. २००४ साली निन्टेंडोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी काही आठवड्यांच्या अंतराने बाजारात उतरले. पीएसपी देखणा, सामर्थ्यवान आणि महाग. डीएस दोन पडद्यांचा, काहीसा बोजड दिसणारा आणि स्वस्त. डीएसचे १५ कोटी ४० लाख नग खपले, पीएसपीचे सुमारे आठ कोटी. पीएसपी वाईट होता असे नव्हे. आपल्या देशातही तो रीतसर विकला जात असे आणि पुष्कळांनी तो प्रेमाने वापरला. त्याच्यामागून २०११ साली आलेल्या व्हिटाने मात्र हद्द केली. यंत्र घेतले तरी त्यात खेळ साठविण्यास सोनीचेच खास कार्ड हवे, बाजारातले साधे कार्ड चालणार नाही. आणि ३२ जीबीच्या त्या कार्डाची अमेरिकेतील किंमत आरंभी शंभर डॉलर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय!

आता आजच्या यंत्रांकडे येऊ, आणि त्यांना आपल्याच रस्त्यावर चालवून पाहू. आमचा वाचक कडोदऱ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसला आणि त्याने एखादा जड खेळ सुरू केला, असे समजा. बारडोली मागे पडेल, व्यारा येईल. परंतु जेथे गायकवाडांच्या दौलतीचा पाया घातला गेला, त्या सोनगडचा किल्ला दिसण्याच्या सुमारास २०२३ चा ॲलाय मान टाकील, कारण जड खेळात तो दीड-दोन तासांवर टिकत नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ विषयी खुद्द कंपनीच दोन ते साडेसहा तास असे सांगते. म्हणजे खेळ जड असेल तर नवापूरचे स्थानक जेमतेम गाठेल. स्टीम डेकची पहिली आवृत्ती दोन ते आठ तासांची म्हणून विकली गेली, २०२३ अखेरची सुधारलेली तीन ते बारा तासांची. आणि ह्या सर्वांत जुना जो २०१७ चा स्विच, त्याची २०१९ साली सुधारलेली आवृत्ती साडेचार ते नऊ तास चालते. नवापूर सोडाच, धुळे येईपर्यंत ती साथ देईल. योकोई आज हयात नाहीत, परंतु त्यांचा सिद्धांत अद्याप खोटा ठरलेला नाही.

ह्यापेक्षाही महत्त्वाचा आमचा आक्षेप निराळा आहे. यंत्र बिघडले तर जावयाचे कोणाकडे? स्टीम डेक वाल्व्हने आपल्या देशात अधिकृतपणे विक्रीस आणलेला नाही. स्विचचीही तीच कथा. सुरतेत वा मुंबईत जे नग मिळतात ते कोणी तरी परदेशातून आणलेले असतात, त्यांची किंमत दुकानदार आपल्या मनाने ठरवितो आणि कंपनीची हमी आपल्या वाट्यास येत नाही. वाल्व्हची गोष्ट तर विशेषच मौजेची आहे. २०१५ पासून ही कंपनी आपले खेळ भारतीयांस रुपयांत विकते. रुपया घेण्यास तिला अडचण नाही, यंत्र देण्यास मात्र आहे! निन्टेंडोच्या स्विचच्या दांड्या काही काळाने आपोआप हलल्यासारख्या वागू लागतात, ही तक्रार जगभर झाली. कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा ह्यांनी २०२० साली त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि युरोपीय आयोगाने पाठपुरावा केल्यावर २०२३ पासून युरोपातील गिऱ्हाइकांस हमीची मुदत संपली तरी ही दुरुस्ती फुकट मिळू लागली. तोच दोष, तेच यंत्र. परंतु पॅरिसच्या मुलाला फुकट आणि कडोदऱ्याच्या तरुणाला गल्लीतल्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा आधार. मग जास्त पैसे कोणी मोजले म्हणावयाचे?

ॲलायची बाजू ह्या बाबतीत निश्चित उजवी आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. तो येथे रीतसर विकला जातो, पावती मिळते, कंपनीची सेवाकेंद्रे आहेत. विंडोजवर चालत असल्यामुळे, वाटल्यास, ह्या तिघांत तो एकटाच आपल्याशी मराठीतून बोलू शकतो; स्विचच्या भाषांच्या यादीत जपानी आहे, डच आहे, परंतु हिंदुस्थानातील एकही भाषा नाही. पण ॲलाय हा मुळात कळफलक नसलेला संगणक आहे. घरात संगणक नसताना सत्तर हजार रुपये खर्चावयाचेच झाले, तर कळफलक असलेला घेतलेला काय वाईट? अशी ही कोंडी आहे. ज्याच्यामागे कोणी उभा आहे ते यंत्र परवडत नाही, आणि जे परवडण्याच्या जवळपास येते त्याच्यामागे कोणी उभा नाही. वाल्व्हने उद्या स्टीम डेक भारतात रास्त दराने आणला, तर वर्षातून अनेकदा स्वस्तात निघणारे त्याचे खेळ पाहता आम्ही प्रथम त्याचेच नाव घेऊ. आज मात्र नाही.

सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल १८,९९० रुपयांना मिळतो आणि तो स्वस्त पाहून मोह पडण्याचा संभव आहे. मोह आवरावा. आपल्याकडे तो प्लेस्टेशन ५ आणि वेगवान इंटरनेट ह्यांच्याविना चालत नाही. दोन्ही नसणाऱ्याच्या हाती तो म्हणजे चकचकीत काचेची पाटी.

हजार रुपयांच्या आत चारशे खेळांची डबी मिळते, तिच्याविषयीही पुष्कळ जण विचारतात. तिच्यातील खेळ बहुधा दुसऱ्यांचे उचललेले असतात आणि बटणे लवकरच सैल होतात. धाकट्या भावंडासाठी यात्रेतून आणावी तशी ती आणावी. ह्याहून तिचा विचार नको.

खिशात मोबाइल असताना हे सारे कशाला, असे व्यवहारी मंडळी म्हणतील. हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, परंतु आम्हांस तो मान्य नाही. मोबाइलवरील पुष्कळसे खेळ फुकट म्हणून दारात येतात आणि मग घरभर फिरतात. आज बंदुकीला रंग घ्या, उद्या पोशाख घ्या, परवा पेटी उघडा. दर वेळी पन्नास-शंभर रुपये, आणि वर्षाअखेर किती गेले ह्याचा पत्ता नाही. पैसे लावून खेळावयाच्या ॲपनी तर कित्येक घरांची राखरांगोळी केली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून ते प्रकार बंद करावे लागले. ज्या खेळाची किंमत एकदाच आणि उघडपणे सांगितली जाते, तो आमच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक. चार पैसे जातात, पण किती गेले हे तरी कळते.

ह्याच कारणासाठी खेळ शक्यतो कॅसेटीच्या रूपात घ्यावा, असे आमचे मत आहे. कॅसेट खेळून झाली की विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. इंटरनेटवरून उतरविलेला खेळ कोणास देता येत नाही आणि दुकान बंद झाले की नवा मिळत नाही. निन्टेंडोने आपल्या ३डीएस यंत्राचे असे दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले. स्विच २ च्या काही कॅसेटींत तर खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ पुन्हा इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. घेताना डबीवरील मजकूर वाचावा.

थोडे थांबलो तर किंमत उतरेल काय? पूर्वी उतरत असे. ३डीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला निघाला आणि ऑगस्टातच १५,००० येनवर आला. ज्यांनी घाई केली होती त्यांची समजूत वीस फुकट खेळ देऊन काढावी लागली. परंतु आता वारे फिरले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आठ वर्षांच्या जुन्या स्विचची किंमत वाढविण्यात आली. नव्या यंत्राच्या स्वस्ताईची वाट पाहत बसण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

तेव्हा पत्रलेखकास आमचे उत्तर असे की, नवे यंत्र कोणतेही असो, आज त्याच्या मिळकतीच्या माणसाने ते घेण्यासारखे नाही. कोणाचा तरी वापरलेला, २०१९ नंतरचा साधा स्विच पाहावा. त्याची लहान आवृत्ती, जिला लाइट म्हणतात, ती स्वस्त दिसते; पण तिच्या दांड्या अंगालाच जडलेल्या असल्यामुळे त्या बिघडल्या की सारे यंत्र उघडावे लागते. साध्या स्विचच्या दोन्ही बाजू सुट्या होतात. एक बिघडली तर तेवढीच बदलावी. शिवाय त्या सुट्या केल्या की दोघांना समोरासमोर बसून खेळता येते, म्हणजे हसणाऱ्या सोबत्यांपैकी एकाची तरी सोय होईल आणि पैशाचेही दुप्पट चीज होईल. सोळा हजारांच्या वर जाऊ नये. महिना सहा हजारांची शिल्लक तीन महिने जपली तर ही रक्कम जमून कॅसेटीपुरते दोन हजार वर उरतात. हप्त्याची पायरी चढावी लागत नाही आणि घरचे नऊ हजार घरी जात राहतात.

पैसे आधी पाठवू नयेत. सुरतेत जाऊन यंत्र प्रत्यक्ष हाती घ्यावे. पाठीवरील क्रमांक एचएसी-००१(-०१) असा असेल तर ती जास्त वेळ चालणारी आवृत्ती. कंसातला भाग नसेल तर ती त्याआधीची, तिचे पैसे कमी द्यावेत. दांड्यांना हात न लावता पडद्यावरील बाण स्थिर राहतो की नाही हे पाच मिनिटे पाहावे. भार पूर्ण भरून अर्धा तास खेळावा आणि किती उतरला ते पाहावे. विकणाऱ्याने आपले खाते यंत्रावरून काढल्याखेरीज पैसे देऊ नयेत, आणि साध्या कागदावर का होईना, तारीख, रक्कम व यंत्राचा क्रमांक लिहून त्याची सही घ्यावी. सही देण्यास जो कां-कूं करील, त्याच्या दारातून तसेच परत फिरावे. सुरतेत दुसरा विकणारा मिळतो.